तुमचा नंबर अजून चालू आहे

सर, तुमची शोकसभा ऑनलाइन झाली.

काळ्या चौकटीत तुमचा फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याच्याखाली निळ्या अक्षरांत लिंक. काल सकाळी अकरा वाजता. घरी बसून तुमच्याबद्दल ऐकणं मला जमणार नव्हतं, म्हणून मी वाचनालयाच्या फाटकाशी जाऊन ती लिंक उघडली. तिथं आधीच वीस-पंचवीस माणसं उभी होती. वाचनालयाच्या ग्रंथपालाची शोकसभा म्हणजे ती वाचनालयातच असणार, असं धरून ती आली होती. धुणीभांडी करणाऱ्या बायका दोन घरं चुकवून आल्या होत्या. थोरात आजी झेंडूची माळ घेऊन आल्या होत्या, स्वतः ओवलेली, थोडी वाकडी. फाटकाला कुलूप होतं. कुलपाच्या वर नवा चौकोनी कोड चिकटवलेला, 'प्रवेशासाठी स्कॅन करा'.

मी फोन उंच धरला. सगळे माझ्याभोवती गोळा झाले. पडद्यावर सोळा चौकटी. अध्यक्षांच्या मागे त्यांच्या घरचं काचेचं कपाट दिसत होतं. ते म्हणाले, "निकम सरांनी आपल्या वाचनालयाला डिजिटल युगात नेलं. आज आपण सगळे घरबसल्या त्यांना श्रद्धांजली वाहू शकतो आहोत, हीच त्यांच्या कामाची पावती."

थोरात आजींना ऐकू कमी येतं. "काय म्हणत्यात?"

"म्हणतात, आपण सगळे घरी बसलोय."

"मंग आपण कोण हाये इथं?"

कुणीतरी हसलं.  आजींनी माळ कुलपाला अडकवली आणि तुम्हाला घालायच्या तशाच चार शिव्या अध्यक्षांना घातल्या. माझा फोन म्यूटवर होता, याचं मला फार वाईट वाटलं.

सर, मी रडण्यासाठी लिहीत नाहीये. रडून झालंय. भांडण राहिलंय. तीन आठवड्यांपूर्वी मी तुमच्या खोलीचा दरवाजा आपटून गेले, परत आले नाही, आणि त्या भांडणाच्या मध्येच तुम्ही निघून गेलात. हे बरं केलं नाहीत.

पहिलं भांडण मी अकरा वर्षांची असतानाचं. पप्पा सातपूरच्या कारखान्यात कामाला, आणि कामगारांची पत्रकं लिहायचे. आमच्याकडे पाहुण्याच्या हातात चहाच्या आधी पत्रक पडायचं. मी अक्षरं लावून वाचायला शिकले ती 'कामगार बंधू-भगिनींनो' वरून. उरलेले गठ्ठे तुम्ही मागून न्यायचात. मला वाटायचं, तुम्ही ती वाटता. एक दिवस मी गोष्टींच्या पुस्तकाचं कव्हर सुटलं म्हणून उलटून पाहिलं, तर आत पप्पांचं पत्रक. छापील बाजू आत, कोरी बाहेर. वाचनालयातल्या निम्म्या पुस्तकांना माझ्या बापाच्या लढ्याची कव्हरं होती. मी तुमच्या टेबलाशी येऊन रडत ओरडले होते.

तुम्ही सुईदोरा खाली ठेवलात. "माय, तुझ्या बापाचं पत्रक लोक चौकापर्यंतसुद्धा हातात धरत नाहीत. माझ्या पुस्तकावर ते दहा वर्षं टिकतं. सांग, कोण जास्त वाटतं?" आणि मग मला डिंकाची बाटली दिलीत. "बस. शीक." त्या दिवसापासून तुम्ही मला पत्रकवाली म्हणू लागलात.

मग तो नंबर.

मी अकरावीत होते. शिष्यवृत्तीचा अर्ज कागदावर घेणं बंद झालं होतं. कॉलेजच्या खिडकीतला माणूस म्हणाला, सगळं ऑनलाइन, बाहेरून भरून आण. वाचनालयात एक संगणक होता, त्यावर तुम्ही पुस्तकांची यादी करायचात. तुम्ही माझं नाव भरलंत, पत्ता भरलात, जातीच्या दाखल्याचा क्रमांक भरलात. मग लाल तारा असलेला रकाना आला, मोबाइल नंबर. आमच्या घरात फोन एकच, आणि तो पप्पांच्या खिशात, पप्पा दुसऱ्या पाळीला. आकडा येणार त्या फोनवर आणि दहा मिनिटांत टाकायचा इथं. रकाना रिकामा ठेवून तुम्ही तीनदा पुढे जाऊन पाहिलंत. पान पुढे जाईना. "या ताऱ्याला काय करावं?" असं स्वतःशीच म्हणालात आणि स्वतःचा नंबर टाकलात. "तात्पुरता," म्हणालात.

तात्पुरता! त्यानंतर तुमच्या टेबलापुढे बाकडं लागलं. पेठ रोडच्या वसतिगृहातल्या मुली, ज्यांच्या पाड्यावर रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं तर येते. नवऱ्याच्या खिशात घरचा एकमेव फोन असलेल्या बायका. बटणाच्या फोनवरचा मेसेज वाचता न येणारे म्हातारे. सगळ्यांच्या अर्जात तुमचा नंबर. एखाद्या संकेतस्थळानं तोच नंबर पुन्हा घ्यायला नकार दिला की तुमच्या घरी काकूंचा. पासवर्डसाठी तुम्ही खास ग्रंथपालाची रीत काढलीत. ज्यानं जे पुस्तक घरी नेलं असेल, त्या पुस्तकाचा दाखल क्रमांक, म्हणजे आतल्या पानावर तुम्हीच शाईनं लिहिलेला आकडा, हाच त्याचा पासवर्ड. "विसरलास तर पुस्तक उघड," असं सांगायचात. पासवर्डच्या निमित्तानं कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक घरी नेलं. शेळीपालनाचं पुस्तक तर सहा जणांचा पासवर्ड होतं.

आणि तुमची ती आकडा सांगायची पद्धत. समोरचा कितीही घाईत असो, आकडा दोनदा वाचायचात, मग त्याच्याकडून वदवून घ्यायचात, आणि मगच म्हणायचात, "दाब."

थोरात आजींचा हयातीचा दाखला आठवतो? पेन्शन चालू राहायला दरवर्षी जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. आजींच्या बोटांच्या रेषा द्राक्षं खुडण्यात आणि कांदे कापण्यात केव्हाच गेल्या. यंत्र सारखं म्हणत होतं, ठसा जुळत नाही.

"आजी, यंत्राच्या मते तुम्ही नाही आहात," तुम्ही म्हणालात.

"त्याच्या आईला विचार म्हणावं. मेलेली बाई बाकड्यावर बसून शिव्या देती का रे?"

"शिव्यांचा रकाना नाही ना आजी. असता तर तुमचं काम एका मिनिटात झालं असतं."

शेवटी दुसरा मार्ग निघाला, आकड्याचा. आकडा आला तुमच्या फोनवर आणि आजी सरकारच्या दृष्टीनं पुन्हा जिवंत झाल्या. सगळं बाकडं हसलं. मीही हसले. आता विचार करते तेव्हा हसू येत नाही. सत्तरी उलटलेल्या बाईला स्वतःच्या गावात, स्वतःच्या पायांवर उभं असताना, जिवंत असल्याचा पुरावा दुसऱ्याच्या खिशातल्या यंत्रातून आणावा लागतो, आणि आपण त्याला सोय म्हणतो.

मी मोठी झाले, पप्पांसारखी पत्रकं लिहू लागले, आणि मला तुमचा राग येऊ लागला. हो, तुमचाच.

तीन आठवड्यांपूर्वी वाचनालयाचा नवा नियम लागला. सभासद व्हायचं तर ॲपवरूनच. वर्तमानपत्रं बंद, कारण ती आता 'सगळ्यांच्या हातात' आहेत. ज्या लांब टेबलावर रिक्षावाले दुपारी पेपर वाचायचे ते टेबल बाहेरच्या पडवीत पावसात, आणि त्या जागी काचेचा ई-कक्ष. थंड हवेचा. आत माणूस नाही. मी पत्रक लिहिलं, 'ज्याच्याकडे फोन नाही तो वाचक नाही का?' आणि पहिली सही तुमची हवी म्हणून तुमच्याकडे आले.

तुम्ही ते पूर्ण वाचलंत. एक शुद्धलेखनाची चूक दाखवलीत. आणि म्हणालात, "सही नाही करत."

"का?"

"उद्या मला या खुर्चीवरून उठवतील. मग या बाकड्याचं काय?"

"तेच म्हणते मी, सर. बाकडं आहे म्हणून त्यांचं भागतंय. सगळे अर्ज ऑनलाइन आले असं ते वर कळवतात, कारण प्रत्येक रिकाम्या रकान्यात तुम्ही तुमचा नंबर भरता. कागदावर बघितलं तर पेठपासून पंचवटीपर्यंत प्रत्येकाकडे फोन आहे! त्यांचं खोटं तुम्ही खरं करून देताय. ठिगळं लावताय."

बाकड्यावर तेव्हा एक बाई बसली होती, मुलीचा अर्ज घेऊन. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत. "तुझा मोर्चा कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात."

"हिच्या अर्जाची तारीख उद्या आहे. हिला काय सांगू, पत्रकवाली? मोर्चा होईपर्यंत पोरीला घरी बसव?"

"मग लावत बसा ठिगळं जन्मभर," असं म्हणून मी निघाले. तुमचा जन्म तीन आठवडेसुद्धा उरला नव्हता हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी भांडलेच असते. पण दरवाजा आपटला नसता.

आता कालचं सांगते.

शोकसभा संपत आली होती, 'दोन मिनिटं स्तब्धता' म्हणून सोळा चौकटी गप्प झाल्या होत्या, तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. यमुना होती, वसतिगृहातली. दोन वर्षं तुमच्या बाकड्यावर बसून बारावी झालेली, पाठांतर मोठ्यानं करते म्हणून तुम्ही जिला कपाटांच्या मागे पाठवायचात ती. पाड्यावरून सकाळीच उतरून ती पेठला आली होती, अर्ज भरून देणाऱ्याच्या दुकानात, त्याच्याच फोनवरून बोलत होती. कधीकाळी तुम्ही तिला माझा नंबर लिहून दिला होता, "माझा लागला नाही तर हिला कर," असं सांगून.

"ताई, मला नर्सिंगला सीट लागली. नाशिकलाच. दोन वाजेच्या आत हो म्हणायचंय, नाहीतर दुसऱ्याला देतील. सरांचा फोन चार दिस बंद लागतोय गं."

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. लिंक तिच्यापर्यंत कशी पोचणार? मी सांगितलं. 

मग ती म्हणाली, "मंग माझा नंबर?"

आणि लगेच रडायला लागली. "माफ कर ताई. असं विचारायला नव्हतं पाहिजे."

सर, माझं डोकं फुटायची वेळ आली ती इथं. अठरा वर्षांच्या मुलीला तिचे सर गेल्याचं कळतं आणि तिच्या तोंडून पहिला शब्द 'नंबर' निघतो. तिनं का माफी मागायची? ज्यांनी तिचं आख्खं शिक्षण एका म्हाताऱ्या ग्रंथपालाच्या सिमकार्डावर टांगून ठेवलं, ते त्या वेळी घरबसल्या दोन मिनिटं स्तब्ध उभे होते.

मी मखमलाबाद रोडला तुमच्या घरी गेले. माणसं सतरंजीवर बसली होती. पुण्याहून आलेला तुमचा योगेश दारातच भेटला. मी फोन मागितला. तो मला गॅलरीत घेऊन गेला.

"फोन कपाटात आहे, बाबांच्या चष्म्याजवळ. बंद करून ठेवलाय. चार्जिंगला लावला की मेसेज थांबत नाहीत, संघमित्रा. कुणाची शिष्यवृत्ती, कुणाचं रेशन, कुणाची पेन्शन. मृत्यूचा दाखला मिळाला की मी सिम बंद करणार आहे."

"योगेशदादा, आज दोनपर्यंत..."

"आज एक, उद्या दुसरी. यातल्या एखाद्यानं काही भानगड केली तर पोलीस कुणाच्या दारात येतील? आई एकटी राहणार आहे इथं. आणि खरं सांग, हे बाबांचं काम होतं का? ज्यांचं आहे ते हात झटकून मोकळे, आणि बाबा जेवता जेवता आकडे वाचत बसायचे."

मला त्याच्याशी भांडता येईना. तो चुकत नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी मी तुम्हाला हेच सुनावलं होतं, फक्त आवाज चढवून. मी तिथं उभी होते आणि तोंडातून निघालं ते तुमचं वाक्य. "दादा, तिची तारीख आज आहे."

काकू कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. इतकी वर्षं नाशकात राहूनही रागावल्या की त्या सटाण्याच्या बोलीत येतात. "दे तिले. तिनं काम शे." तिचं काम आहे, म्हणाल्या.

"आई, पण..."

"दे तिले."

योगेशनं कपाट उघडलं. फोन दिला. काकूंनी त्याच्याबरोबर एक वही दिली, तुमची, नावांची. मी ती तेव्हा उघडली नाही. सवा वाजला होता.

फोन सुरू व्हायला किती वेळ घेतो तो! सुरू झाला आणि हातात थरथरायलाच लागला. चार दिवसांची माणसं एकावर एक येऊन पडत होती. मी यमुनाला फोन लावला.

"पासवर्ड आहे का?"

"पुस्तक माझ्याकडंच हाय ताई. प्रथमोपचाराचं. परत द्यायचं राहिलं." पानं उलटल्याचा आवाज आला. "सरांचं अक्षर हाय आत."

तिनं आकडा टाकला. पान उघडलं. तिनं बटण दाबलं आणि माझ्या हातातल्या तुमच्या फोनवर सहा आकडे आले. मी घाईघाईत एकदाच वाचले. तिनं टाकले. चुकले. दुकानदार मागून म्हणाला, "बाई, लवकर करा, लाइट जाईल." पुन्हा बटण. या वेळी आकडे यायलाच तयार नाहीत. योगेश माझ्या शेजारी उभा राहून पडद्याकडे पाहत होता. काकू भिंतीला टेकून. 

आले.

मी एकदा वाचले. दुसऱ्यांदा वाचले. "आता तू म्हण." तिनं म्हटले, एकेक आकडा, पाठांतर म्हणतात तसे, मोठ्यानं.

"दाब."

शब्द माझा होता की तुमचा, मला सांगता येणार नाही. काकूंनी पदर तोंडाला लावला.

"झालं, ताई. हिरवं आलं. सीट पक्की म्हणतंय."

मग मी तुमच्या खाटेवर बसून वही उघडली. त्यावर कव्हर होतं, तुमच्या हातचं, कोपरे नीट दुमडलेले. माझं पत्रक. तुम्ही सही न केलेलं. छापील बाजू बाहेर. चूक तेवढी लाल शाईनं दुरुस्त केलेली. पहिल्या पानावर पहिलं नाव माझं, अकरावीतल्या शिष्यवृत्तीचं. ज्या ठिगळांवरून मी तुम्हाला बोलले त्यातलं पहिलं मीच. शिकले त्याच्या जोरावर, आणि शिकून तुम्हालाच ऐकवलं. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. आता म्हणते.

पण सर, तुम्ही बरोबर होतात असं मी तरीही म्हणणार नाही. एका माणसाच्या चांगुलपणावर इतक्या जणांचं शिक्षण, रेशन, पेन्शन उभं असेल तर तो चांगुलपणा मेल्यावर काय होतं, ते मी काल डोळ्यांनी पाहिलं. थोरात आजींना जिवंत ठरवणारा नंबर आज एका मेलेल्या माणसाच्या नावावर आहे. हे कुणाच्या कामाची पावती आहे, ते अध्यक्षांनी पुन्हा एकदा सांगावं. आम्हाला कागदावरचा अर्ज परत हवा. वाचनालयात अर्ज भरून देणारा पगारी माणूस हवा, वाचनालयाचा स्वतःचा नंबर हवा, पडवीतलं टेबल आत हवं आणि फाटकाला कुलूप नको. हे उपकार नाहीत.

योगेशनं महिनाभर सिम चालू ठेवायचं कबूल केलंय. तेवढ्यात मी वहीतल्या एकेकाकडे जाऊन नंबर बदलणार आहे. ज्यांच्याकडे बदलायला नंबरच नाही त्यांचं काय, हे मला माहीत नाही. यमुनाच्या अर्जात मी माझा टाकला. तात्पुरता. हसू नका.

मोर्चा मी पुढच्या महिन्यातला अलीकडे आणलाय. सोमवारी आहे, वाचनालयाच्या फाटकाशी, सकाळी अकरा वाजता. नवं पत्रक पप्पांनी तपासलं, चूक नाही. थोरात आजींना मी ते दोनदा वाचून दाखवलं आणि मग त्यांच्याकडून वदवून घेतलं.

त्यावर लिंक नाही, सर. जागा आणि वेळ छापली आहे.